‘सध्या काय वाचताय?’ : मराठी वाचकाच्या शिफारशीचा माग

मराठी पुस्तकांचा इतिहास लिहायचा तर साधनांची वाण नाही. कोणते पुस्तक कधी, कुठे आणि कोणी छापले ते शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’त सापडते. १८०० ते १९३७ या काळाचा तिचा पहिला खंड १९४३ साली निघाला, १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा १९६१ साली. जोडीला सरकारी याद्या आहेत. १८६७च्या कायद्याने पुस्तके नोंदवण्याचे बंधन छापखान्यांवर आले आणि त्यातून तिमाही याद्या तयार होत गेल्या. विद्वानांचे मत हवे असेल तर ‘विविधज्ञानविस्तारा’पासून ‘सत्यकथे’पर्यंतच्या फायली आहेत. लेखकांची चरित्रे आहेत, आत्मचरित्रे तर उदंड आहेत.

अडते ते एका साध्या प्रश्नापाशी. पुस्तक एका वाचकाकडून दुसऱ्याकडे गेले कसे? आपण स्वतः गेल्या वर्षभरात जी पुस्तके वाचली ती आठवून पाहावीत. त्यांतली परीक्षण वाचून हाती घेतलेली किती आणि कोणीतरी ‘हे वाचा हो’ म्हणाले म्हणून घेतलेली किती? माझ्या ओळखीच्या बहुतेक वाचकांच्या बाबतीत दुसरा आकडा मोठा निघतो. ‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नाचे उत्तर जिन्यात, फलाटावर, परसदारी, कचेरीतल्या मधल्या सुट्टीत दिले जाते. ते कोणी लिहून ठेवत नाही. परीक्षणे छापील असल्यामुळे टिकली आणि वाङ्मयाचा इतिहास त्यांच्यावरून लिहिला गेला. परीक्षकाचे मत हेच त्या काळाचे मत, असा एक समज त्यातून रूढ झाला. तो तपासायचा तर वाचकाच्या तोंडी शिफारशीचा माग काढायला हवा. गेली काही वर्षे नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, मी तो काढत आलो आहे. हा लेख त्या शोधाचा जमाखर्च आहे.

पहिला पुरावा पुस्तकांतच मिळतो, पण त्या पानांवर सहसा कोणी थांबत नाही. एकोणिसाव्या शतकातील अनेक मराठी पुस्तकांना आश्रयदात्यांची यादी जोडलेली असे. छपाई महाग, भांडवल लावणारा प्रकाशक दुर्मीळ. तेव्हा ग्रंथकार आधी वर्गणीदार जमवी, मग पुस्तक छापी आणि त्यांची नावे गावांनुसार, हुद्द्यांसकट देई. मुन्सफ, मामलेदार, शिरस्तेदार, शाळाखात्यातले डेप्युटी, मास्तर, वकील. अशी यादी सावकाश वाचली की तिच्यात झुबके दिसू लागतात. एका गावातून एकही नाव नाही आणि शेजारच्या गावातून एकदम सात. त्यातले पाच एकाच कचेरीतले. कोणीतरी एकाने बाकीच्यांना सांगितले आहे. अर्थात यातली शिफारस किती आणि भीड किती, हे विचारायलाच हवे. साहेबाने सही केली म्हणून खालच्या कारकुनानेही केली, असे पुष्कळ वेळा झाले असणार. पुस्तक घेतले म्हणजे वाचले असेही नाही. तरीसुद्धा एका ग्रंथाभोवती माणसे कशी जमत, याचे इतके थेट चित्र दुसऱ्या कुठल्या साधनात मला मिळालेले नाही.

दुसरे ठिकाण ग्रंथालयांचे. रत्नागिरीचे वाचनालय आपला जन्म १८२८चा सांगते. नगरचे १८३८चे, नाशिकचे १८४०चे, पुण्याचे १८४८चे, कोल्हापूरचे १८५०चे. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने सुरू झालेल्या या संस्थांना इंग्रज अधिकाऱ्यांचा हातभार होता आणि त्यांच्या कपाटांत इंग्रजी पुस्तकांचा वरचष्मा होता. मराठीत वाचायला होते तरी काय? १८६४ अखेरपर्यंतच्या मुंबई इलाख्यातील देशी भाषांतल्या प्रकाशनांची यादी सर अलेक्झांडर ग्रँट यांनी केली आणि तिच्यातल्या मराठी भागावर तरुण महादेव गोविंद रानडे यांनी अभिप्राय लिहिला. शाळेची पुस्तके, भाषांतरे आणि जुनी काव्ये यांचाच भरणा अधिक होता. पुण्याच्या लायब्ररीसाठी झटलेले लोकहितवादी त्याच १८४८ साली ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रे लिहू लागले. आपल्या लोकांना वाचनाची, जग जाणून घेण्याची आस्था नाही, ही त्यांची तक्रार त्या पत्रांतून पुन्हा पुन्हा येते.

यातून मराठीत एक वळण पडले. काय वाचावे हे वरून सांगण्याचे वळण. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ ते १८८१ या काळात ८४ अंकांत निघाली. तिच्यात वाचनावर निबंध आहे, ग्रंथांवरील टीकेवर आहे. विष्णुशास्त्र्यांना स्वतःला वाचनाचा आनंद किती होता हे त्यांच्या प्रत्येक पानावर दिसते. नुसते सांगून ते थांबले नाहीत, मित्रांच्या साहाय्याने त्यांनी ‘किताबखाना’ हे पुस्तकांचे दुकानही काढले. तरी त्यांचा सूर गुरुजींचा. त्या काळी तो बहुधा आवश्यकच होता. मात्र त्याच वर्षांत वाचक दुसरीकडेच रमलेला होता. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. अद्भुताने भरलेल्या या कादंबऱ्यांना पुढे टीकाकारांनी हसून घेतले. त्यांचा प्रसार कोणा पंडिताच्या शिफारशीने झालेला नव्हता.

१८७८च्या मे महिन्यात रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. ग्रंथांचा प्रसार व्हावा, ग्रंथकाराला उत्तेजन मिळावे असा हेतू. १८८५ला दुसरी भरली तेव्हा जोतीराव फुल्यांनी तिला येण्यास नकार देणारे पत्र पाठवले आणि ते ‘ज्ञानोदया’त छापून आले. हे पत्र आपण वाङ्मयीन वाद म्हणून वाचतो. ग्रंथप्रसाराच्या अंगानेही ते वाचता येते. ग्रंथ कोणासाठी, आणि जो वर्ग त्या ग्रंथांत कुठेच नाही त्याने ते का वाचावेत, हा प्रश्न त्यात आहे. ‘काय वाचताय?’ असे विचारणाऱ्याने समोरच्याला पुस्तकापर्यंत पोहोचता येते हे गृहीत धरलेले असते. एकोणिसाव्या शतकात ते कोणाच्या बाबतीत धरता येत होते?

बायकांच्या बाबतीत तर नाहीच. काशीबाई कानिटकर १८६१ साली जन्मल्या. लहानपणी लग्न झाले, शाळा नाही; नवऱ्याला शिकलेली बायको हवी आहे हे कळल्यावर त्या घरच्यांच्या नजरा चुकवून वाचायला शिकल्या. पुढे त्या मराठीतल्या आरंभीच्या महत्त्वाच्या लेखिका झाल्या, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांनी लिहिले. गोविंदराव कानिटकरही वाचणारे-लिहिणारे. जॉन स्टुअर्ट मिलच्या स्त्रियांच्या परवशतेवरील पुस्तकाचा त्यांनी मराठी अनुवाद केला. या घराशी हरि नारायण आपटे यांचा स्नेह जुळला. काशीबाई आणि हरिभाऊ एकमेकांचे लेखन वाचत, वाचलेल्यावर बोलत, पत्रे लिहीत. परपुरुषाशी पुस्तकांबद्दल बोलणारी बाई हा त्या काळच्या पुण्यात चर्चेचा विषय होता. सरोजिनी वैद्य यांनी काशीबाईंचे आत्मचरित्र आणि चरित्र सिद्ध केले नसते, तर हे संवाद आपल्यापर्यंत आलेच नसते. ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९०पासून ‘करमणूक’मध्ये येऊ लागली, तेव्हा तिच्यातले बायकांचे घरातले जग हरिभाऊंना इतके कसे ठाऊक, याचे एक उत्तर अभ्यासक या मैत्रीत शोधतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दोन वाचक बरोबरीच्या नात्याने पुस्तकाबद्दल बोलत आहेत, कोणी कोणाला शिकवत नाही. मराठीत याची लेखी साक्ष इतकी जुनी क्वचितच सापडते.

काशीबाईंच्या मागच्या दोन-तीन पिढ्यांतल्या वाचणाऱ्या बायका मात्र कागदावर दिसतच नाहीत. याचे कारण मला एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात उमगले. तिथल्या माळ्यावर १९५०च्या दशकातल्या देवघेवीच्या दोन जाडजूड नोंदवह्या शिल्लक होत्या. तारीख, दाखल क्रमांक, वर्गणीदाराचे नाव, परत आल्याची तारीख, शेरा. वर्गणीदार जवळजवळ सगळे पुरुष. एका वकिलांच्या नावावर वर्षभर कादंबऱ्याच कादंबऱ्या. वकीलसाहेब कोर्टातून येऊन सामाजिक कादंबऱ्या वाचत बसत असतील असे वाटण्यापूर्वी शेऱ्याच्या रकान्याकडे पाहायला हवे. तिथे ‘ह. मुलगा’, ‘ह. गडी’ असे लिहिलेले आहे. पुस्तक न्यायला घरातला मुलगा किंवा गडी येई आणि त्याच्या हाती चिठ्ठी असे: दोन कादंबऱ्या द्याव्यात, मागच्या खेपेची नको. चिठ्ठी लिहिणारी वहीत नाही. अनामत नवऱ्याने भरलेली, म्हणून वाचकही नवराच ठरला.

त्याच वह्यांत आणखी एक प्रकार दिसतो. एकच पुस्तक एकाच आळीत लागोपाठ पाच-सहा घरांतून फिरते. एका घरून परत आले की दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी. वाचनालयात त्या पुस्तकाची जाहिरात नव्हती, वर्तमानपत्रातही नसावी. विहिरीवर, पापड लाटताना, हळदीकुंकवाला ‘मी ते संपवलं, आता तू मागव’ असे झालेले असणार. ही माझी अटकळ आहे, पण नोंदींच्या तारखा तिला आधार देतात. वाङ्मयेतिहासात ज्यांची दोन ओळींत बोळवण होते असे काही कादंबरीकार या आळीच्या हिशेबात पहिल्या रांगेतले आहेत.

आता एका अशा शिफारशीकडे वळतो की जिचा परिणाम पुस्तकांच्या जगाबाहेर जाऊन पोहोचला आणि जिची नोंद स्वतः वाचकाने करून ठेवली.

कृष्णाजी अर्जुन केळूसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. गौतम बुद्ध आणि शिवाजी महाराज यांची चरित्रे त्यांनी मराठीत लिहिली. संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत ते वाचत बसत. तिथे एक शाळकरी मुलगा पुस्तक घेऊन येई. परळच्या चाळीतल्या एका खोलीत वाचायला निवांत जागा नव्हती. केळूसकरांनी त्याची चौकशी केली. मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. पुढे त्याच्या परीक्षेच्या यशाबद्दल समाजातल्या मंडळींनी सत्कार ठरवला आणि त्या वेळी केळूसकरांनी स्वतः लिहिलेले ‘गौतम बुद्धाचे चरित्र’ त्याला भेट दिले. ते पुस्तक १८९८चे.

परीक्षा कोणती, याबद्दल साधने एकमेकांशी जुळत नाहीत. धनंजय कीर हा प्रसंग १९०७चा, मॅट्रिकनंतरचा देतात आणि सभेचे अध्यक्ष म्हणून सीताराम केशव बोले यांचे नाव सांगतात. बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी १९५६ साली जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात इंग्रजी चौथीची परीक्षा म्हटले आहे आणि अध्यक्ष म्हणून केळूसकरांचेच नाव आहे. वडिलांनी आधी सत्काराला नकार दिला होता, मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. केळूसकर वडिलांचे स्नेही, त्यांनी समजूत घातली, असेही तिथे येते. संशोधक मंडळी या दोन हकिकतींचा मेळ घालण्यात बरीच शाई खर्च करतात. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळे आहे. चाळीस-पन्नास वर्षांनी साल-परीक्षा धूसर झाली तरी पुस्तक कोणी दिले, ते वाचून मनावर काय उमटले आणि नंतर वडिलांना काय विचारले, हे लख्ख आठवते. बाबासाहेब सांगतात की ते पुस्तक वाचून आपण भारावलो आणि वडिलांना विचारले, रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बुद्धाचे वाङ्मय का नाही दाखवले? ही प्रस्तावना ग्रंथाच्या १९५७च्या पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नाही, नंतर प्रकाशात आली.

पुस्तक देऊन केळूसकर मोकळे झाले नाहीत. कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. शिफारस या शब्दाचे दोन्ही अर्थ इथे एकत्र येतात: पुस्तकाची माणसाकडे आणि माणसाची महाराजांकडे. एक पुस्तक दिले म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धर्मांतर झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मधल्या पन्नास वर्षांत बाबासाहेबांनी काय काय वाचले याला गणती नाही. पण ज्या मुलाला शाळेत अस्पृश्यतेचे चटके बसले, त्याच्या हाती हे पुस्तक नेमक्या वयात पडले. कोणत्याही परीक्षणाने ते पडले नसते.

याच सयाजीरावांनी १९१०मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावले आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. जिथे वाचनालय नाही त्या गावी लाकडी पेट्यांतून पुस्तके जात. काही महिन्यांनी पेटी पुढच्या गावी. पेटीबरोबर पुस्तकांची कीर्तीही प्रवास करीत असणारच. २००९ साली नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही पेट्यांची योजना सुरू केली, तेव्हा कल्पना तीच होती: पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे, वाचून झाली की दुसऱ्याकडे. शिफारशीला लाकडी चौकट दिली, इतकेच.

छापील रूपात वाचकाच्या या गप्पांना हक्काची जागा मिळाली ती बऱ्याच उशिरा, आणि ती दिली एका पुस्तकविक्रेत्याने. गिरगावातल्या मॅजेस्टिक बुक स्टॉलच्या केशवराव कोठावळे यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ सुरू केले. तोवरची वाङ्मयीन मासिके कथा-कविता छापत आणि मागच्या पानांत परीक्षणे देत. ‘ललित’ने सगळा अंकच पुस्तकांच्या बातम्यांना दिला. कोणते पुस्तक येत आहे, कोण काय लिहीत आहे, कोणाला काय आवडले, वाचकाची पत्रे, कुठे काय बिनसले. दुकानाच्या काउंटरवर उभे राहून केशवरावांना जे ऐकू येत होते तेच त्यांनी मासिकात उतरवले, असे मला वाटते. गिऱ्हाईक विद्वत्तापूर्ण मत विचारत नाही. ते विचारते, ‘सध्या काय चाललंय? लोक काय नेताहेत?’

यातला व्यापार उघड आहे. पुस्तके विकणाऱ्यानेच पुस्तकांचे मासिक काढायचे म्हणजे कीर्तनकारानेच आरतीचे ताट फिरवण्यासारखे. त्यावर उतारा ‘ललित’च्या पोटातच होता. जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने ‘घटका गेली, पळे गेली’ हे सदर लिहीत. वसंत सरवटे यांनी त्याला हातोडा घेतलेला देह दिला. ठणठणपाळाने लेखक, प्रकाशक, परीक्षक, संमेलने कोणालाच सोडले नाही; आणि आपली टर कधी उडते याची लेखक मंडळी वाट पाहत, असेही होऊ लागले. लेखकाला मखरातून खाली उतरवून वाचकाच्या गप्पांत आणून बसवण्याचे काम या सदराने केले. एरवी ज्या गोष्टी साहित्यिकांच्या बैठकीतच राहायच्या त्या गडहिंग्लजच्या किंवा अंबाजोगाईच्या वर्गणीदाराला दर महिन्याला घरपोच मिळू लागल्या. पोस्टमन अंक आधी स्वतः चाळून मग देतो, अशी गोड तक्रार मी एका जुन्या वर्गणीदाराकडून ऐकली आहे.

तरी ‘ललित’च्या या गप्पांतही एक मोठा वाचकवर्ग बाहेरच होता. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा ज्यांनी वाचल्या त्यांचे म्हणणे कुठल्याच मासिकाने विचारले नाही. भाड्याने पुस्तके देणाऱ्या लायब्रऱ्यांत झुंजार आणि काळापहाड हातोहात जात. त्या लायब्रऱ्यांच्या वह्या तर रद्दीतही सापडत नाहीत. त्या वाचकांची मते कुठे मिळत असतील तर ती पुस्तकांच्या पानांवरच. शेवटच्या पानावर पेन्सिलीने ‘छान’, ‘भिकार’, ‘पान ९० नंतर मजा’ आणि त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात ‘खोटे आहे’. ग्रंथपाल यावर चिडतात, ते रास्तच आहे. पण मी अशी पाने टिपून घेतो.

१९७४च्या डिसेंबरात दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रंथाली’ सुरू केली आणि तिला ‘वाचक चळवळ’ म्हटले. प्रकाशनसंस्थेच्या नावापुढे ‘वाचक’ हा शब्द लावण्यात एक भूमिका होती: सभासदांचे जाळे उभारायचे, गावोगावी जायचे, पुस्तक माणसांच्या हातून माणसांकडे पोहोचवायचे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली ‘ग्रंथाली’ने काढले. त्यानंतर दलित आत्मकथनांची जी रीघ लागली तिच्याकडे समीक्षकांनी उशिरा आणि जरा संकोचाने पाहिले. ‘बलुतं’ची चर्चा आधी वाचकांच्या बैठकांत, वसतिगृहांत, कार्यकर्त्यांत झाली. ‘तू हे वाचलंस का?’ या प्रश्नाला तोवर मराठीत इतकी धग क्वचितच आली असेल. ज्यांच्या आयुष्याविषयी ते पुस्तक होते त्यांनी ते एकमेकांना दिले आणि ज्यांना ते आयुष्य ठाऊक नव्हते त्यांच्यापुढेही ठेवले. फुल्यांच्या १८८५च्या पत्राला उत्तर मिळायला नव्वदाहून अधिक वर्षे लागली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

वाचकाने स्वतःचीच नोंद ठेवावी, तीही टीकाकाराचा आव न आणता, हे काम सतीश काळसेकर यांनी केले. लघुनियतकालिकांच्या चळवळीतून आलेला हा कवी आयुष्यभर पुस्तके जमवत, वाटत आणि त्यांविषयी सांगत राहिला. त्यांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला २०१३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कथा-कादंबरी-कवितेला मिळणारा मान एका वाचकाच्या दैनंदिनीला मिळाला, ही घटना आपण पुरेशी लक्षात घेतलेली नाही. कुठल्या फुटपाथवर काय हाती लागले, कोणत्या मित्राने काय सुचवले, एका पुस्तकातून दुसऱ्याचा पत्ता कसा लागला, हे सगळे त्यात आहे. पुढच्या शतकातल्या संशोधकाला आपला काळ काय वाचत होता हे पाहायचे असेल, तर त्याने समीक्षाग्रंथांआधी हे पुस्तक उघडावे.

आता राहिला वह्यांचा प्रश्न, आणि तो तातडीचा आहे. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. त्यानुसार मान्यता मिळालेली, अ-ब-क-ड वर्गांत विभागलेली अकरा-बारा हजार ग्रंथालये महाराष्ट्रात आहेत. तपासणीला अधिकारी येतात तेव्हा दाखल नोंदवही पाहतात, म्हणून ती जपली जाते. ग्रंथालयाने काय विकत घेतले ते त्यामुळे कळते. कोणी काय नेले हे सांगणाऱ्या देवघेवीच्या वह्या मात्र जागा अडवतात. संगणक आला तसे त्यांचे गठ्ठे रद्दीत गेले, आणि पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारखांच्या पट्ट्या नव्या बांधणीत फाडल्या गेल्या. ज्या वाचनालयाच्या वह्यांविषयी वर लिहिले तिथेही आधीच्या तीस वर्षांच्या वह्या इमारतीच्या डागडुजीत गेल्या. दोन उरल्या त्या पावसाळ्यात खिडकीला टेकू म्हणून लावल्या होत्या म्हणून. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, ‘तुम्हाला उपयोग असेल तर न्या, कार्यकारिणीला मी सांगते.’ मी नेल्या नाहीत. तिथेच कपाटात ठेवायला सांगून, फोटो काढून आणले.

कोणा वाचकाच्या संग्रही अशा वह्या, मागणीच्या चिठ्ठ्या, सूचनावह्या किंवा आजी-आईने वाचलेल्या पुस्तकांच्या याद्या असतील, तर त्या आपल्या गावच्या वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत रीतसर क्रमांक घालून चढवून घ्याव्यात. क्रमांक पडला की ती वस्तू तपासणीत येते आणि मग ती सहजी फेकता येत नाही. माझ्याकडच्या फोटोंपैकी पहिल्या वहीची नोंद पूर्ण झाली आहे. दुसरीत वकिलांच्या नावापुढचा ‘ह. मुलगा’ १९५८च्या जूनमध्ये थांबतो आणि तिथून पुढे त्याच खात्यावर, त्याच रकान्यात, ‘ह. स्वतः’ असे येते. अक्षर बदललेले आहे आणि सही बाईंची आहे.